दाते

नोंदवहीत अठ्ठेचाळीस चौकोन होते.
एकवीस भरले.
उरलेल्यांत प्रॉसरची सही यायची होती,
पण त्याआधी प्रॉसरच गेला.
म्हणजे मेला नाही, बुडाला.
नोव्हेंबरातल्या एका बुधवारी गेटला साखळी,
साखळीला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद,
आणि दुसऱ्या वर्षाच्या मधोमध मी,
हातात जेवणाचा डबा.

कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, दुसरा मालक शोध.
बॅरीपासून न्यूपोर्टपर्यंत अकरा ठिकाणी विचारलं.
शिकाऊ कुणालाच नको होता.
विटा उचलणारा हवा होता,
उद्या, सकाळी सातला.

मग ते हिरवं कार्ड. बिगाऱ्याचं.
त्यासाठी एक पेपर,
ज्यात विचारतात की शिडी कशाला टेकवू नये.
कार्डावरच्या फोटोत मी असा दिसतो
जणू कुणी माझं नाव चुकीचं हाकारलंय.
आई म्हणाली, हेफिन, छान आलाय.

मला काय येतं ते सांगू?
थापीवर माल किती घ्यायचा, मनगटाला कळतं.
ताणलेल्या सुताचा मधला झोळ कळतो.
सांधमोड कळते:
खालच्या थरातली फट
वरच्या विटेनं पोटाखाली घ्यायची.
कोपरा चढवता येतो, आठ थर ओळंब्यात,
नवव्याला घाम फुटतो.

येत नाही तेही सांगतो.
कमान. चिमणी.
आणि सुट्टीत एखाद्या सतरा वर्षांच्या पोरानं
'तू कितव्या वर्षाला?' असं विचारलं
तर तोंडातला घास कुठं ठेवायचा.

वारसामेचा आजा जहाजावर कोळसा ओढायचा,
कार्डिफच्या गोदीत उतरला तो परत गेलाच नाही.
वारसामे इथलंच बोलतो, इथल्या शिव्यांसकट.
त्याच्याकडं सगळे कागद आहेत.
फ्रेम करून संडासात लावलेत.

एकदा अर्ध्या राहिलेल्या भिंतीच्या टोकाशी
त्यानं माझा हात धरला.
टोक सरळ कापू नको, म्हणाला.
एक वीट आत, एक बाहेर,
दाते सोड.
पुढची भिंत कोण बांधेल, कधी बांधेल,
देव जाणे,
पण आल्यावर तिला चावायला काहीतरी पाहिजे.

मी काही बोललो नाही.
माल आखडत होता.
घमेलं भरायला गेलो.

मार्चमधल्या एका शनिवारी, रोख पैशांवर,
पेनार्थला एका निवृत्त पियानोवाल्या बाईंच्या बागेत
फाटकावरची कमान.
लाकडी साचा वारसामेनं ठोकला.
विटा मी लावल्या, दोन्हीकडून वर,
मधली सर्वांत शेवटी,
ती बसेना, तासली, बसली.
बाईंनी चहा आणला आणि विचारलं,
दोघांतला मिस्त्री कोण?
वारसामे बिस्किट चहात बुडवत राहिला.
फारच वेळ बुडवत राहिला.

पुढच्या शनिवारी साच्याखालच्या पाचरी
एकेक ठोकून सैल केल्या.
कमान केसभर खाली आली.
माझ्या पोटातलं सगळं तिच्याबरोबर खाली आलं.
मग ती थांबली.
साचा हातात आला, हलका,
रिकाम्या पाळण्यासारखा,
आणि वर विटा, एकमेकींवर रेललेल्या,
कुणाच्याही आधाराशिवाय.

वारसामेनं हातोडीच्या दांड्यानं
मधल्या विटेवर दोनदा वाजवलं.
कान दिला.
म्हणाला, डावीकडची तिसरी दर्ज जाड आहे.

होती.

सोमवारी स्प्लॉटला पुन्हा विटा वर पोचवल्या,
परांचीच्या तिसऱ्या मजल्यावर, बिगाऱ्याच्या दरानं.
वारा समुद्रावरून सरळ कॉलरात शिरत होता.
तो सतरा वर्षांचा पोरगा
सूत बांधायला विसरला होता;
मी बांधून दिलं, त्याला कळायच्या आत.

नोंदवही आईच्या कपाटात आहे,
टॉवेलांच्या खाली.
चौकोन एकतिसावा: कमान.
तिथं सहीच्या जागी मी पेन्सिलीनं लिहिलंय,
डावीकडची तिसरी, जाड.